घोडा एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

१९३२ साली वॉर्नर ब्रदर्सने जॉन वेन नावाच्या पंचवीस वर्षांच्या, फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या नटाला घेऊन काऊबॉयपट काढायला घेतले. एकूण सहा, सगळे स्वस्तातले. स्वस्तात जमण्याचं कारण स्टुडिओच्या गोदामात होतं. चार-पाच वर्षांपूर्वी केन मेनार्ड हा मोठ्या मागणीचा काऊबॉय नट होता आणि त्याच्या मूकपटांवर भरपूर खर्च झाला होता. घोडेस्वारांच्या झुंडी, उधळलेली गुरं, भरधाव घोडागाड्या, काही कमी नव्हतं. मेनार्ड मूळचा सर्कशीतला घोडेस्वार, त्यामुळे जिवावरच्या कसरती तो स्वतःच करायचा. बोलपट आले आणि ही सगळी रिळं पडून राहिली. वॉर्नरने ती बाहेर काढली आणि त्यांच्याभोवती नव्या गोष्टी बेतल्या. वेनला मेनार्डसारखा सदरा घातला, तशीच टोपी दिली, मेनार्डच्या ‘टार्झन’ घोड्याशी मिळताजुळता पांढरा घोडा दिला. कॅमेरा जवळ असला की वेन, लांब गेला की मेनार्ड.

हे चित्रपट आज पाहिले तर सांधा दिसतो. वेन सहा फूट चार इंचांचा, खांद्यांनी रुंद. संवाद म्हणून होतो, लगाम ओढतो, चौकटीबाहेर जातो. पुढच्याच क्षणी टेकडीवरून खाली झेपावणारा स्वार वेगळ्याच अंगकाठीचा असतो, घोड्याच्या मानेला चिकटलेला, घोडा आणि तो मिळून एकच जनावर वाटावं असा. हालचालही किंचित घाईची, कारण मूकपटाची फिल्म आता बोलपटाच्या गतीने फिरते आहे. टाळ्या पडतात त्या या दुसऱ्या माणसाच्या जिवावर. पडद्यावर नाव पहिल्याचं. आणि या दुसऱ्यांदा केलेल्या वापराबद्दल मेनार्डला एक सेंटही देण्याचं बंधन स्टुडिओवर नव्हतं. रिळं स्टुडिओची, म्हणजे त्यांवरचा माणूसही स्टुडिओचा.

नटाच्या कामाचा मोबदला एकदाच चुकता करून त्याचा चेहरा, आवाज आणि अंगचं कसब कायमचं विकत घेता येतं का, हा प्रश्न आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नव्याने चर्चेत आला आहे. पण तो नवा नाही. हॉलिवूडच्या स्वस्त काऊबॉयपटांत तो १९३० ते १९६० या तीस वर्षांत पुरता खेळून झाला. कोण तरलं, कोण बुडालं, याचा हिशोब समोर आहे. तो हिशोब पाहून माझं मत पक्कं झालं आहे: असा कायमचा सौदा कायद्याने होऊच देऊ नये, नटाने राजीखुशीने सही केली तरीही.

आधी तो धंदा कसा चालायचा ते पाहायला हवं, कारण नटांची गत धंद्याच्या गणितातून ठरली. मंदीच्या काळात अमेरिकेतल्या थिएटरांनी एका तिकिटात दोन चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिला मोठ्या स्टुडिओचा, दुसरा तासाभराचा, पोट भरायला. पहिल्या चित्रपटासाठी थिएटरवाला तिकीटविक्रीतला हिस्सा द्यायचा. दुसऱ्यासाठी ठरावीक भाडं. गर्दी झाली तरी तेवढंच, खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी तेवढंच. त्यामुळे निर्मात्याला किती पैसे येणार हे साधारण आधीच ठाऊक असायचं, आणि नफा वाढवायचा एकच रस्ता उरायचा तो म्हणजे खर्च कमी करणं. रिपब्लिक, मोनोग्राम, पीआरसी या कंपन्या याच गणितावर उभ्या होत्या. हॉलिवूडमध्ये या वस्तीला ‘पॉव्हर्टी रो’ म्हणत. सनसेट आणि गॉवर या दोन रस्त्यांच्या नाक्यावर काऊबॉयचा पोशाख आणि टोपी घालून कामाची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसांमुळे त्या कोपऱ्याला ‘गॉवर गल्च’ असं नाव पडलं होतं. आपल्याकडे सकाळी मजूर उभे राहतात तसा तो नाका. फरक इतकाच की यातले बरेच जण खरेखुरे गुराखी होते, कुरणांवरचं काम आटल्यावर इकडे आलेले.

चित्रीकरण आठवड्याभरात उरकायचं. लॉस एंजेलिसजवळ चॅट्सवर्थला आयव्हर्सन रँच, उत्तरेला लोन पाइनजवळच्या अलाबामा टेकड्या. त्याच शिळा, तीच वळणं, दर चित्रपटात पाठलाग तिथूनच. नायकाचे कपडे वर्षानुवर्षं तेच ठेवायचे. लोक याला नायकाची ओळख समजत, आणि ती होतीही. पण कपडे तेच असले की जुन्या चित्रपटातला पाठलाग नव्यात बेमालूम जोडता येतो, हाही त्यात हिशोब होता. म्हणजे नट आज जो घोडा दौडवतोय तो उद्याच्या, परवाच्या चित्रपटातही दौडणार, आणि तेव्हा त्याला घरी बसवलं तरी चालणार. स्वतःचंच काम स्वतःशी स्पर्धा करतंय, अशी ही तऱ्हा.

ठरावीक भाड्याच्या गणितात आणखी एक मेख होती. नट कितीही लोकप्रिय झाला तरी त्या एका चित्रपटाचं भाडं काही आकाशाला भिडत नसे. मग लोकप्रियतेचा पैसा व्हायचा कुठे? रिपब्लिकच्या हर्बर्ट येट्सने वाट काढली होती. थिएटरवाल्यांना जीन ऑट्रीचे चित्रपट हवेत ना, मग आमचे बाकीचेही घ्या. ऑट्री हा पूर्वीचा तारखात्यातला माणूस, गिटार वाजवत गाणारा, आणि खेड्यापाड्यांतल्या थिएटरांत त्याच्या नावावर रांगा लागत. आपल्या नावावर दुसऱ्यांचा माल खपतोय आणि आपल्या हातात त्यातलं काही पडत नाही, हे लक्षात आल्यावर १९३८ साली तो काम सोडून निघून गेला. येट्स घाबरला नाही. त्याने लिओनार्ड स्लाय नावाचा दुसरा गाणारा तरुण उभा केला, त्याचं नाव ठेवलं रॉय रॉजर्स, आणि ऑट्रीसाठी ठरलेला चित्रपट त्याला दिला. गंमत अशी की ऑट्रीचा स्वतःचा प्रवेशही असाच झाला होता. १९३४ मध्ये मॅस्कॉट कंपनीच्या चित्रपटात तो मेनार्डच्या जोडीला दोन गाणी म्हणायला आला होता. मेनार्डचं कंपनीशी बिनसलं, त्याला काढलं, आणि पुढच्या चित्रमालिकेत त्याच्या जागी ऑट्री. मेनार्ड गेला, ऑट्री आला. ऑट्री रुसला, रॉजर्स आला. एकाला दुसरा पर्याय तयार ठेवायचा, म्हणजे कुणाचंही डोकं वर व्हायला नको.

ही साखळी मुद्दाम सांगतोय. पुढे ऑट्री आणि रॉजर्स दोघेही गडगंज झाले, आणि त्यांची उदाहरणं देऊन लोक म्हणतात, बघा, हुशार असला की नट आपलं भलं करून घेतो. खरं आहे, त्यांनी करून घेतलं. पण कसं ते बघा. येट्स पगार वाढवेना तेव्हा रॉजर्सने १९४० मध्ये वेगळीच गोष्ट मागितली: पगार नका वाढवू, माझं नाव, माझा आवाज आणि माझा चेहरा वस्तूंवर वापरायचा हक्क मला द्या. येट्सला वाटलं, ब्याद टळली. खेळण्यातली पिस्तुलं, टोप्या, चड्ड्या यांच्यात काय मोठे पैसे असणार? पुढच्या पंधरा वर्षांत त्या नावावर इतक्या वस्तू खपल्या की चित्रपटाचं उत्पन्न हा जोडधंदा ठरावा. एका अटीने नशीब फिरलं. ती अट मागायचं सुचलं ते एकाला, आणि ज्या नटांच्या तोंडावर दार लावून दुसरा आणला जात होता त्यांना ती मागायची सोयही नव्हती.

विल्यम बॉइडची गोष्ट तर कादंबरीत घातली तर संपादक परत पाठवील. मूकपटांच्या काळात सेसिल बी. डीमिलच्या चित्रपटांचा हा नायक, राहणी ऐषारामी. १९३१ मध्ये त्याच नावाच्या दुसऱ्या एका नटाला दारू-जुगाराच्या प्रकरणात अटक झाली आणि वर्तमानपत्रांनी छायाचित्र छापलं ते या बॉइडचं. आरकेओ स्टुडिओने करार मोडला. खुलासे छापून आले, पण काम आलं नाही. चार वर्षांनी, जवळजवळ कफल्लक झालेल्या अवस्थेत, त्याला हॅरी शर्मन या निर्मात्याने क्लॅरन्स मलफर्डच्या कथांवरच्या काऊबॉयपटात दुय्यम भूमिका देऊ केली. बॉइडने नायकाचीच मागितली. मलफर्डचा हॉपलाँग कॅसिडी लंगडा, शिवराळ आणि पिणारा होता. बॉइडने त्याला काळ्या पोशाखातला, पिकल्या केसांचा, दारूला न शिवणारा सद्गृहस्थ करून टाकलं. घोड्यावर त्याला सुरुवातीला नीट बसताही येत नव्हतं म्हणतात. १९३५ ते १९४४ या काळात शर्मनने चौपन्न चित्रपट काढले, मग कंटाळून सोडून दिलं. पुढचे बारा बॉइडने स्वतः काढले.

आणि मग त्याने जुगार खेळला, खराखुरा. चित्रपटसृष्टीत जुने काऊबॉयपट म्हणजे रद्दी समजली जात असताना त्याने आपली मालमत्ता विकून, गहाण टाकून जवळपास साडेतीन लाख डॉलर उभे केले आणि या सहासष्ट चित्रपटांचे व पात्राचे हक्क विकत घेतले. १९४८ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या दूरचित्रवाणी केंद्राकडे रिळं घेऊन गेला. नव्या केंद्रांना दिवसभर दाखवायला काही नव्हतं आणि मोठे स्टुडिओ त्यांना दारात उभे करत नव्हते. जून १९४९ मध्ये एनबीसीने हे चित्रपट देशभर दाखवायला सुरुवात केली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात बॉइड ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होता. अलॅडिन कंपनीने पत्र्याच्या साध्या शाळेच्या डब्यावर त्याचं चित्र चिकटवलं. वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास खपणारे डबे सहा लाखांवर गेले. साठीकडे झुकलेला माणूस, दहा-पंधरा वर्षांपूर्वी केलेलं काम, आणि शिखर आत्ता.

या गोष्टीत मला बॉइडच्या धाडसापेक्षा एक साधी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. काम तेच होतं, चेहरा तोच होता, प्रेक्षकही दुसरे नव्हते. शर्मनकडे हक्क असते तर हेच सगळं झालं असतं आणि बॉइड ते कुठल्यातरी दुकानाच्या काचेतून पाहत उभा राहिला असता. नटाला आपलं स्वतःचं काम विकत घेण्यासाठी घरदार गहाण टाकावं लागतं, याला यशकथा म्हणायची पद्धत आहे. मला ती नेहमीच विचित्र वाटत आली आहे.

कारण बाकीच्यांचं काय झालं ते त्याच वर्षांत दिसतं. १९५१ मध्ये रिपब्लिकने जुने चित्रपट दूरचित्रवाणीला विकायची तयारी केली तेव्हा रॉजर्स कोर्टात गेला. त्याचं म्हणणं, माझ्या चित्रपटांच्या मधोमध साबण आणि बिस्किटांच्या जाहिराती लागल्या तर मी त्या मालाची भलामण करतोय असं होतं, आणि तो हक्क माझा आहे. खालच्या कोर्टाने मनाई दिली. ऑट्रीनेही दावा लावला होता. १९५४ मध्ये अपील कोर्टाने दोन्ही प्रकरणांत निकाल कंपनीच्या बाजूने दिला. चित्रपटाचा मालक तो हवा तिथे दाखवू शकतो, जाहिरातींच्या मध्येही, फक्त नटाने त्या मालाची शिफारस केली असं भासवू नये. तासाच्या कार्यक्रमात बसावेत म्हणून ऑट्रीचे चित्रपट त्रेपन्न मिनिटांवर कापण्यालाही कोर्टाची तत्त्वतः हरकत नव्हती. देशातले सर्वांत लोकप्रिय दोन काऊबॉय, पैसेवाले, चांगले वकील लावणारे, आणि हरले. बाकीच्यांनी कोर्टाची पायरी कशाला चढावी?

त्यांना उरली संघटना. नटांच्या गिल्डने १९६० च्या मार्चमध्ये, रोनाल्ड रेगन गिल्डचे अध्यक्ष असताना, मोठ्या स्टुडिओंविरुद्ध संप केला. तडजोड झाली ती अशी: १९६० पासून पुढे बनणारे चित्रपट दूरचित्रवाणीवर लागले तर नटांना वाटा मिळेल. १९४८ ते १९५९ मधल्या चित्रपटांसाठी स्टुडिओ एकरकमी पैसे निवृत्तिवेतन आणि आरोग्याच्या निधीत भरतील. आणि ऑगस्ट १९४८ पूर्वीच्या चित्रपटांसाठी? काही नाही. स्वस्त काऊबॉयपटांचा भर नेमका त्या काळातला. ज्या रिळांवर अमेरिकेच्या दूरचित्रवाणीने आपली पहिली वर्षं काढली, ज्यांच्यामुळे घराघरांतली पोरं पडद्यासमोरून उठेनात, त्या रिळांवरच्या माणसांना त्यातलं काहीही मिळालं नाही. या संपाने पुढच्या पिढ्यांना खूप दिलं, याबद्दल शंका नाही. पण तडजोडीची रेघ जिथे ओढली तिथे त्यांच्याच आधीच्या पिढीचा गळा होता.

मेनार्डचे शेवटचे दिवस सॅन फर्नांडो खोऱ्यात एका फिरत्या घरात गेले, एकटेपणात आणि दारूत. १९७३ साली तो गेला तो चित्रपटव्यवसायाने चालवलेल्या वृद्धाश्रमात. त्याच्या बरोबरीचा हूट गिब्सन, वीसच्या दशकातला युनिव्हर्सलचा हुकमी नायक, उतारवयात लास व्हेगसच्या कॅसिनोत दाराशी उभा राहून पाहुण्यांचं स्वागत करत होता. लोक त्याला बघायला येत, म्हणून नोकरी. म्हणजे चेहऱ्याला तेव्हाही किंमत होती. फक्त ती वसूल करायला चेहऱ्याला प्रत्यक्ष दाराशी उभं राहावं लागत होतं.

इथे लगेच प्रश्न येतो, आणि तो खोटा नाही: मेनार्डने भरपूर कमावलं होतं, उधळलं त्याने. स्वतःचं विमान होतं, स्वतःची सर्कस काढली होती, ती बुडाली. निर्मात्यांशी भांडणं काढायची त्याला हौस होती. असल्या माणसाला नंतर आणखी चार पैसे मिळाले असते तर तेही गेले असते. असेल. पण उधळ्या माणसाचं घरभाडं भाडेकरू बुडवू शकत नाही. मालकी कुणाची हा प्रश्न आणि मालक शहाणा आहे का हा प्रश्न आपण घराच्या बाबतीत कधी एकत्र करत नाही. नटाच्या बाबतीत मात्र हमखास करतो, आणि मग कुणीतरी उदार होऊन मदतीचा कार्यक्रम लावतो. आपल्याकडे वृद्ध कलावंतांना सरकारी मानधन आहे, नाट्यसृष्टीत मदतीचे प्रयोग होतात. दोन्ही चांगलं आहे आणि दोन्ही बंद होऊ नये. पण मागून मिळणारं आणि हक्काने येणारं यांत त्या म्हाताऱ्याच्या मानेचा फरक असतो.

दुसरा आक्षेप याहून वजनदार. पैसा घातला निर्मात्याने, चित्रपट पडला तर बुडणार तो, नटाचा पगार तर ठरलेलाच. मग वरचा नफा त्याचा का नसावा? भगवानदादा पालवांचं उदाहरण घ्या. अमरावतीत जन्मलेला गिरणी कामगाराचा मुलगा, तीस-चाळीसच्या दशकांत मुंबईत कमी खर्चाचे मारधाडपट काढून गिरणगावातल्या प्रेक्षकांना वेड लावणारा, १९५१ च्या एका चित्रपटाने जुहूला बंगला आणि दारात गाड्या आल्या. त्या बंगल्यातून ते दादरच्या चाळीत परत आले ते कुणी हक्क हिरावल्यामुळे नाही. ते स्वतः निर्माते होते, नंतरचे चित्रपट आपटले, सगळं गेलं. जोखीम खरी असते, तिला चावे असतात, आणि ती घेणाऱ्याला मोठा घास मिळायलाच हवा.

पण स्वस्त काऊबॉयपटांच्या निर्मात्यांची जोखीम ही नव्हे. ठरावीक भाड्याच्या पद्धतीत त्यांची जोखीम आधीच मापात आणलेली होती, म्हणून तर ते वर्षाला आठ-आठ चित्रपट काढू शकत. आणि दूरचित्रवाणीतून आलेला पैसा हा कुठल्याच जोखमीचा मोबदला नव्हता. १९३५ साली चित्रपट काढताना तो पैसा कुणाच्या हिशोबात नव्हता. चित्रपट आपला खर्च आणि नफा वसूल करून कधीच मोकळा झाला होता. नंतर नवं यंत्र आलं आणि जुन्या मालाला नवी बाजारपेठ मिळाली. हे घबाड आयतं होतं, दोघांनाही. ते पूर्ण एकाच्या खिशात का जावं, याचं उत्तर ‘करारात तसं लिहिलं होतं’ याखेरीज दुसरं मला सापडलेलं नाही. आणि ज्या यंत्राचा शोध लागायचा आहे त्यावरचे हक्क करारात सोडून देणारा नट नेमकं काय सोडतोय, हे त्यालाही कळत नसतं आणि घेणाऱ्यालाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. दर नटाला, दर प्रक्षेपणाला वाटा द्यायचा असता तर १९५० च्या धडपडणाऱ्या केंद्रांनी कदाचित हे चित्रपट घेतलेच नसते, रिळं गोदामात कुजली असती, आणि बॉइडही पुन्हा उभा राहिला नसता. म्हणून वाटा थोडा असावा, उत्पन्नाशी बांधलेला असावा. पण शून्य असू नये.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या वाटेने आला. साठच्या दशकात लता मंगेशकरांनी गायकांनाही रॉयल्टीत वाटा हवा अशी भूमिका घेतली. रफीसाहेबांचं म्हणणं, गाणं म्हटलं, पैसे घेतले, संपलं. काही वर्षं दोघं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेबांच्या भूमिकेत मनाचा मोठेपणा होता हे खरं, पण त्या मोठेपणाचा लाभ रेकॉर्ड कंपन्यांना होत होता. बाईंना तेव्हा लोकांनी पैशाची लोभी ठरवलं. पन्नास वर्षांनी, २०१२ मध्ये, कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा संसदेने त्यांचीच बाजू उचलून धरली. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क असा केला की करारावर सही करूनही तो सोडता येत नाही. कलाकारांसाठी, ज्यांत नटही आले, सादरीकरणाचा व्यावसायिक वापर झाल्यास रॉयल्टीचा हक्क कलम ३८-अ मध्ये लिहिला. गायकांनी २०१३ मध्ये संघटना नोंदवून वसुली सुरू केली. नटांच्या बाबतीत ते कलम अजून बरंचसं कागदावरच आहे. मालिकेत काम करणाऱ्या नटाला मूळ पैसेच नव्वद दिवसांनी मिळण्याची पद्धत असताना, पुन्हा दाखवल्याचे पैसे मागायला कोण धजणार?

आणि त्याच कायद्यात एक पाचर आहे. चित्रपटातलं ज्याचं काम किरकोळ स्वरूपाचं आहे आणि व्यवसायाच्या रिवाजानुसार ज्याचं नाव श्रेयनामावलीतही येत नाही, तो या हक्कांसाठी ‘कलाकार’ धरला जात नाही. गर्दीतल्या माणसांना वाटे देत बसलं तर व्यवहारच ठप्प होईल, ही त्यामागची भीती मला समजते. पण श्रेयनामावलीत नाव घालायचं की नाही हे ठरवतो निर्माता. म्हणजे हक्क द्यायचा की नाही हे, ज्याच्याकडून हक्क वसूल व्हायचा त्याच्याच हातात. वेनच्या त्या चित्रपटांत मेनार्डचं नाव नव्हतं. गॉवर गल्चच्या नाक्यावरून उचललेल्या स्वारांची नावं तर कुठेच नसत.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या काळात ही पाचर सर्वांत जास्त बोचणार आहे. २०२३ मध्ये हॉलिवूडचे नट एकशे अठरा दिवस संपावर होते, त्यात एक मोठा मुद्दा हाच होता: गर्दीतल्या नटाला एक दिवस बोलवायचं, त्याचं शरीर चहूबाजूंनी टिपून ठेवायचं आणि पुढे हवं तितक्या वेळा वापरायचं, ही शक्यता. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये अनिल कपूर यांच्या नाव-चेहरा-आवाजाला संरक्षण दिलं, मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या नकलेला मनाई केली. निकाल योग्यच आहेत. पण ते त्यांचं रक्षण करतात ज्यांचा चेहरा न्यायाधीश आधीच ओळखतात. ज्याला कुणी ओळखत नाही त्याचा चेहरा तर चोरायला आणखी सोपा. कुणाच्या लक्षातही येत नाही.

‘संमती घ्या’ हा यावर सध्याचा आवडता उपाय. मला तो पुरेसा वाटत नाही. नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाची संमती म्हणजे त्या दिवसाच्या जेवणाची संमती. सकाळी सहाच्या कॉलटाइमला, मेकअपच्या खुर्चीत बसवून, आठ पानी कागद पुढे करून ‘इथे इथे सही करा’ म्हटल्यावर नवा नट काय वाचणार? कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये याची दखल घेणारा कायदा केला: नटाच्या डिजिटल प्रतिकृतीचा वापर नेमका कशासाठी हे करारात पुरेसं स्पष्ट नसेल, आणि करार करताना त्याच्या बाजूने वकील किंवा संघटना नसेल, तर ज्या कामासाठी तो स्वतः उभा राहू शकला असता त्यासाठीचं ते कलम लागूच होत नाही. हा खरा रस्ता. नटाला शहाणा हो म्हणून सांगण्यापेक्षा, वाईट सौदा कायद्यापुढे टिकूच न देणं.

आपल्याकडे याहून थोडं पुढे जायला जागा आहे, कारण पाया तयार आहे. गीतकारांचा जसा न सोडता येणारा हक्क, तसाच नटांचा करावा. चेहरा-आवाजाच्या डिजिटल वापराला मुदत असावी आणि ती संपली की नव्याने बोलणी व्हावीत. कायमचं, सर्व माध्यमांत, आज असलेल्या व उद्या येणाऱ्या यंत्रांवर, ही करारातली ठोकळेबाज ओळ बाद ठरावी. श्रेयनामावलीची पाचर निदान डिजिटल प्रतिकृतीपुरती तरी काढून टाकावी. निर्माते म्हणतील, इतक्या लोकांचा हिशोब ठेवायचा कसा. १९५० मध्ये हा प्रश्न रास्त होता. कुठल्या गावात किती घरांत हॉपलाँग कॅसिडी लागला हे तेव्हा खरोखरच कुणाला मोजता येत नव्हतं. आज कुठला भाग कुणी कुठल्या मिनिटाला बंद केला, कुठे मागे जाऊन पुन्हा पाहिला, याची नोंद प्रत्येक वाहिनीच्या अ‍ॅपवर रोज होते, आणि जाहिरातदारांकडून पैसे घेताना ती नोंद पुढे करताना कुणाला हिशोबाची अडचण येत नाही.